ओलांडते दार

“पुन्हा म्हण,” रंभाबाई सूत भरायचा रहाट न थांबवता म्हणाल्या.

देवकीने भरलेली कांडी टोपलीत टाकली. “पिवळ्या सुताच्या भरल्या कांड्या चार, श्रावणरावांच्या नावानं ओलांडते दार.”

“नाव आलं की घास अडकल्यावानी काहून करतं वं?”

सुनेने पुढची रिकामी कांडी उचलली. रंगूनमध्ये तिचं नाव मा तिन होतं. चौसष्ट साली तिकडून हिंदी माणसं परत निघाली, तेव्हा श्रावणने तिला आधीच्या बोटीत बसवलं. कागद आटोपून मागच्या बोटीने येतो म्हणाला. गोळीबार चौकातल्या या कोष्ट्याच्या घरात ती एकटीच उतरली आणि सासूने तिचं नाव देवकी ठेवलं. मागची बोट येऊन गेली. दिवाळीनंतर तिच्या भावाचं पत्र आलं, बर्मी अक्षरांत. श्रावण चार दिवसांच्या तापाने गेला, एवढंच त्यात होतं.

“भाऊ बरा आहे,” तिने आपल्या तोंडाकडे एकटक बघणाऱ्या सासूला सांगितलं आणि पत्र ट्रंकेच्या तळाशी, तिकडून आणलेल्या बर्मी लुंगीच्या घडीत दडवलं. ज्याच्या नावावर ती इथे होती तोच नाही म्हटल्यावर तिला ठेवणार कोण, आणि धाडणार तरी कुठे? तेव्हापासून रोज सकाळी ती आरशात न पाहताच कुंकू लावायची.

मागच्या महिन्यात समोरच्या यमुताईंकडे कोपरा फाडलेलं कार्ड आलं. कुणी अक्षर वाचायच्या आतच घरात रडारड सुरू झाली.

“कोपरा फाटला की समजायचं, माणूस गेलं,” रंभाबाईंनी तिला सांगितलं होतं. “आमच्यासारख्या अंगठेबहाद्दराची सोय.”

आपल्या भावाला ही रीत माहीत नाही, याचंच तेव्हा देवकीला हायसं वाटलं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या कुसुमताईंच्या घरी बायकांनी तिला मधोमध उभं केलं. वाण हवं तर नाव घे. तिने तोंड उघडलं. कांड्या, सूत, सगळं कुठल्या कुठे गेलं.

“नवऱ्याचं नाव भुलली का वं?” कुसुमताई म्हणाल्या. बायका हसल्या.

तिने सासूकडे पाहिलं. त्या लाडवावरचा एकेक तीळ नखाने काढत होत्या. मग जे शब्द हाताशी होते तेच तिने जोडले.

“पाण्याच्या तिकडं एक दार, पाण्याच्या इकडं एक दार. श्रावणराव मधात, मी कोणतं उघडू दार?”

कुणी हसलं नाही.

“हे तं कोडंच घातलं वं हिनं,” कुसुमताई म्हणाल्या. “उत्तर काय?”

“उत्तर आमच्या घरचं आमी पाहू. दे तिले वाण.” रंभाबाईंनी करंडा स्वतःच घेतला आणि सुनेच्या कपाळावर कुंकू टेकवलं. बोट जरा जास्तच दाबून.

घरी येताच देवकी वाणाची बशी ठेवायला ट्रंकेपाशी बसली. लुंगीची घडी चाचपली. दडवल्यापासून प्रथमच तिने पत्र बाहेर काढलं.

आलं तेव्हा ते अख्खं होतं; आता उजवा कोपरा फाडलेला होता. फाटलेली कडही आजची नव्हती; ट्रंकेचा गंज लागून ती तांबूस झाली होती.

बाहेर रहाट सुरू झाला.

“ये वं,” रंभाबाईंचा आवाज आला. “ते दाराचं पुन्हा म्हण.”