एक कप जास्त

सकाळी पावणेनऊला प्रकाशनाच्या कचेरीत संपादकबाईंच्या सहायिकेने खिडकी उघडली, दोन पेन्सिलींना टोक काढले आणि एका वयोवृद्ध लेखकाच्या आठवणींची शेवटची प्रुफे पुढ्यात ओढली. पुस्तकातले घर चौघांचे होते: आई, वडील आणि दोन भाऊ. चाळिसाव्या पानावर मात्र आईने टेबलावर पाच कप मांडले होते.

"लेखक थोर, पण मोजणीत कच्चे," संपादकबाई हसल्या. "चार कर आणि त्यांना फोनवर सांगून टाक."

तिने पेन्सिलीने 'चार' केले. पण पुढे दारात चपलांचे पाच जोड निघाले; मग खुंटीवर एक लहानसा रेनकोट, जो कुणीच घालत नव्हते. त्या घराच्या प्रत्येक खोलीतून कुणीतरी नुकतेच उठून गेले आहे, असे तिला वाटू लागले. तिने तिथेही पेन्सिलीने खुणा केल्या. मग लेखकांना फोन लावला.

कप, चपला, रेनकोट असे एकेक तिने त्यांना वाचून दाखवले.

"धाकटी बहीण होती," ते म्हणाले. "सातव्या वर्षी गेली. तिच्यावर लिहिलेलं मलाच वाचवेना, म्हणून सगळं काढलं. वाटलं होतं, पुरती काढली."

"मग काका, हेही काढू?"

"काढायला तर हवं, बाळ." ते म्हणाले. "तूच बघ आता. माझ्याच्यानं परत होणार नाही."

फोन ठेवून तिने खोडरबर घेतले, पेन्सिलीच्या आपल्या सगळ्या खुणा सावकाश पुसल्या, कप पुन्हा पाच केले आणि पानांवरची भुकटी फुंकली.

"झाले का चार?" बाईंनी विचारले.

"झालं, बाई," असे म्हणत तिने गठ्ठा छापखान्याच्या पिशवीत घातला.