टाकीतला बाप

मी बोटभर मासा बोलतोय. पाठीवर तीन काटे आहेत आणि स्वभावही तसाच, तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल ही आशा सोडा.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीतला. आमच्यात घर बाप बांधतो. शेवाळाच्या काड्या तोंडाने ओढून मी कोपऱ्यात घरटं केलं. मादी अंडी घालून निघून गेली. राखण करायची, पंखांनी पाणी खेळतं ठेवायचं, हे सगळं माझ्या गळ्यात. समोरच्या कोपऱ्यात दुसरा एक नर, आगाऊ शेजारी, होताच.

टाकी धुणाऱ्या मावशी मला रोज बघायच्या. एकदा माझ्या नोंदी ठेवणाऱ्या सरांनी त्यांना विचारलं, "हा शेजाऱ्यावर नेमका कधी धावतो?"

"स्वतःच्या घराजवळ असला की. लांब गेला की शेपूट घालतो."

"जवळ म्हणजे किती सेंटीमीटर?"

"तो काय पट्टी घेऊन फिरतो? थोडा जवळ असला तर थोडा चिडतो. अगदी दारात असला तर पिसाळतो. अधेमधे असला की नुसता घुटमळतो."

सर आधी हसले, मग लिहू लागले. मावशींचं 'थोडा', 'अधेमधे', 'अगदी' त्यांनी जसंच्या तसं गणितात बसवलं. फझी लॉजिक म्हणतात म्हणे त्याला. माझा सगळा जन्म आठ नियमांत मावला. संगणकाच्या पडद्यावरचा खोटा मासा हुबेहूब माझ्यासारखा धावू लागला. सरांचं कौतुक झालं. मावशींना कुणी विचारलंही नाही.

आठवा नियम होता: समोरचा फार मोठा असेल तर पळ.

काल सर म्हणाले, "मावशी, टाकी रिकामी करा. नोंदी पुरेशा झाल्या."

"घरट्यात अंडी आहेत, सर. चार दिवसांत पिल्लं निघतील. तेवढं थांबा."

"पिल्लं कशाला हवीत आता? मासा संगणकात आहे."

मावशींचा हात धजेना, म्हणून सरांनीच बाही सारून हात घातला. केवढा तो हात! नियमाप्रमाणे मी पळायला हवं होतं. मी अंगठ्याला चावलो. पुन्हा चावलो.

"सर, हे लिहा ना," मावशी म्हणाल्या. "हा पळाला नाही."

"काम संपलंय, मावशी." त्यांनी घरटं उपटून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

आता मी बादलीत आहे. पंख अजून सवयीने पाणी हलवतात, मूर्ख कुठले. तुम्ही कधी त्या पडद्यापुढे उभे राहिलात आणि तो मासा पळताना दिसला, तर शेजारच्याला एवढं सांगा, की बाप पळाला नव्हता.