दार धरणारा शिपाई

भिंगरीच्या आईशी लग्न करायचं तर आधी भिंगरीने पास करायला हवं, हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सुरुवातीलाच बजावण्यात आलं होतं. भिंगरी चौथीत होती आणि तिच्या परीक्षेत प्रश्न एकच होता : 'नवतारामंडळ'मधलं तुमचं आवडतं पात्र कोणतं?

'नवतारामंडळ' म्हणजे अंतराळातल्या महावीरांच्या सिनेमांची लांबलचक मालिका. आधी येऊन गेलेल्या विमा एजंटाने छाती फुगवून "अर्थात तेजोमान!" असं सांगितलं होतं. तेजोमान हा मुख्य हीरो. उडतो, आणि उडताना त्याचे केस विस्कटत नाहीत. एजंट चहा संपायच्या आत नापास झाला.

"यांनी सिनेमा नाही, पोस्टर पाहिलंय," भिंगरीने आईला निकाल कळवला होता.

लिफ्टवाल्याने सगळे भाग नीट पाहिले, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत डबा खाता खाता. भिंगरीच्या आईचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिच्याशी बोलायला निमित्त हवं म्हणून त्याने धडधाकट डोळ्यांवर साध्या काचेचा चष्मा चढवला होता. असा माणूस अभ्यासात कुठला कमी पडतोय!

"काहीही बोला," आईने दारातच त्याच्या कानात सांगितलं, "पण लिफ्टचं नाव काढू नका, एकदा सुरू झालात की थांबत नाही." आणि ती चहा टाकायला गेली.

भिंगरी पलंगावर मांडी घालून बसली होती. मांडीवर उशी, उशीवर हात.

"बोला काका."

"महाकर्क," लिफ्टवाला म्हणाला. महाकर्क हा खलनायक. "दुष्ट आहे, पण त्याच्या मनात एक खोल जखम आहे."

"हे इंटरनेटवरचं आहे."

"हो," त्याने लगेच कबूल केलं.

"तुमचं सांगा."

लिफ्टवाल्याने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जखम वगैरे काही नाही. त्याचा दोनशे मजल्यांचा बुरूज आणि लिफ्ट एकच. रोज खाली बटण दाबून ताटकळायचं. माणूस ग्रह उडवणार नाही तर काय करणार?"

भिंगरी हसली नाही. पण तिने उशी बाजूला ठेवली.

"मग आवडतं कोण?"

"त्याला नाव नाही. तिसऱ्या भागात यान सुटतं ना, तेव्हा दार धरून उभा असतो तो शिपाई."

"तो?"

"वीज गेलीय, दार मिटायला बघतंय, आणि हा खांदा लावून उभा. सगळे आत पळतात. तेजोमान मात्र उंबऱ्यातच थांबून भाषण ठोकतो. अरे बाबा, आत जाऊन बोल ना! इकडे याचा खांदा निखळतोय. शेवटी दार मिटतं आणि हा बाहेरच राहतो."

"मेला तो."

"मेलेला दाखवलेला नाही. दार मिटलं, एवढंच."

"बाबांचं पण आधी असंच सांगायचे सगळे," भिंगरी चादरीची सुरकुती सरळ करत म्हणाली. "लांब गेलेत म्हणून."

बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बाहेरून बोलत राहायचं असतं, पण 'आलोच' असं खोटं सांगायचं नसतं, हे लिफ्टवाल्याला कामाने शिकवलं होतं.

"मेलाच असेल," तो म्हणाला. "उगाच कशाला फिरवून बोलायचं?"

"त्याच्या घरी कोण होतं?"

"नाही दाखवलं."

"दाखवायला हवं होतं."

"हवंच होतं."

भिंगरी पलंगावरून खाली उतरली. "पण मठ्ठ होता तो. खुर्ची घालायची ना फटीत! मग स्वतः पण आत."

"खुर्चीचा भुगा होईल. यानाचं दार आहे ते."

"नाही होणार."

"होणार."

आई चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा खोलीच्या दाराच्या फटीत खुर्ची अडकवलेली होती, खुर्चीवर वजन म्हणून भिंगरी बसली होती आणि लिफ्टवाला बाहेर उभा राहून दाराची कडी ओढत होता.

"हे काय चाललंय?"

"प्रयोग," दोघं एकदम म्हणाले.

"बरं. आणि..." आईने आवाज अगदी सहज ठेवला, "निकाल काय लागला?"

"यांना सिनेमातलं शष्प कळत नाही," भिंगरी खुर्चीवरूनच म्हणाली. "रोज समजवावं लागणार. त्यापेक्षा तू लग्न करून टाक. इथेच राहतील, मला बरं पडेल."

कडीवरचे हात ढिले पडले.

"काका! सोडलंत ना?"

"नाही गं, ओढतोय," लिफ्टवाला म्हणाला.

"खोटं. जोर लावा, नाहीतर मी जिंकले ते धरणार नाहीत तुम्ही."

त्याने जोर लावला. दार लागेना. मग आईने ट्रे जमिनीवर ठेवला, पदर खोचला आणि त्याच्या हातांशेजारी कडी धरून तीही ओढायला लागली.

"आता कसं," भिंगरी म्हणाली आणि खुर्चीवर आणखी घट्ट बसली.