चपला राखणारा

माझा नवरा काकड्या ख्रिस्ती नव्हता. मी होते, मिशनच्या शाळेत असल्यापासून. लग्न झालं तेव्हापासून मी दर रविवारी तलासरीच्या चर्चात मिस्सेच्या प्रार्थनेला जायचे, आणि हा बाबा बाहेर चिंचेखाली माझ्या चपला राखत बसायचा. आत ये म्हटलं की हसायचा. "तू जा गं. माझे बाप-आजे गेले तिकडंच मी जाणार." मग मी भांडायचे, "मेल्या, म्हणजे मातीत मी एकटीच पडू का?" तो विडी पेटवायचा.

मागच्या साली, दोन हजार अठराच्या वैशाखात, त्यानं अंथरूण धरलं. एका दुपारी शुद्धच गेली, छाती घरघरायला लागली. दीर गाडी बघायला धावला. फादरांचा फोन लागेना. घरात मी आणि तो, बस्स.

फादरांनीच शिकवलं होतं, जीव जात असला आणि फादर जवळ नसले तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते म्हणायचं. पण माणसाची मर्जी हवी, हेही शिकवलं होतं. मी तांब्या भरून आणला. कोण बघणार होतं? एवढं केलं असतं तर तो मिशनच्या दफनभूमीत माझ्या शेजारी आला असता. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू!

हात डोक्यापर्यंत नेला आणि मेल्याची ती चिंच आठवली. मी चर्चला निघाले की सासू तोंड सोडायची, तेव्हाही हा म्हणायचा, "जाऊ दे तिला." मला एकदाही अडवलं नाही त्यानं. आता त्याला बोलता येत नाही म्हणून मी त्याला ओढून नेऊ? छे! तांब्या खाली घेतला आणि आमच्या पाड्यावर मरणाऱ्याला देतात तसं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. एक घोट आत गेला. दुसरा गालावरून ओघळला. मग मी गळा काढून रडले.

त्याला ओढ्याकाठी जाळलं.

पुढच्या रविवारी चिंचेखाली चपला काढल्या आणि सवयीनं बोलून गेले, "बघ रे." मग आत जाऊन कबुलीला गुडघे टेकले, सगळं सांगितलं. जाळीपलीकडून फादर हळूच म्हणाले, "नवशीबाई, यात पाप कुठं आहे?"

"पाप नाहीच, फादर," मी म्हटलं. "घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून आले."