फुलाचा साचा

त्या घरात लोणी नुसतं बशीत थापून ठेवलेलं ताईंना खपायचं नाही. ताई म्हणजे घरधन्याची थोरली बहीण, सगळं घर त्यांच्या मुठीत. त्यांच्याकडे तीन लाकडी साचे होते. पान त्यांचं स्वतःचं, मासा भावाचा आणि फूल भावजयीचं. ह्या भावजयीला गल्लीत सगळे 'दुसरी' म्हणत, कारण पहिली वारली होती. फूल आधी त्या पहिलीचं होतं.

साच्यांचे लाड विचारू नका. आधी गार पाण्यात भिजवायचे, नाहीतर लोणी चिकटून बसतं. मग ठासून भरायचं, पाठ सुरीनं सारखी करायची आणि बशीवर पालथं घालून हलकेच ठोकायचं. गरम पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, लाकूड तडकतं. दुसरीनं एकदा कोमट पाणी घेतलं होतं, तर ताईंनी दिवसभर तोंडसुख घेतलं.

गेल्या वर्षी दुसरीच्या वडिलांचं घर तिच्या नावावर झालं आणि तिचं पोट बिघडायला लागलं. माहेरी आठ दिवस राहिली की खडखडीत बरी, परतली की पुन्हा अंथरुणाला खिळलेली. पहिलीही म्हणे अशीच झिजत गेली.

"तुझी प्रकृतीच नाजूक," नवरा म्हणायचा. "ताई करते तेवढं कोणी करणार नाही."

आणि काल न्याहारीनंतर दुसरी मोरीच्या दारात आली, तर ताई फुलाच्या साच्यावर उकळतं पाणी ओतत होत्या. ज्या बाईला कोमट चालत नाही, ती! पान आणि मासा शेजारी गार पाण्यात सुखानं पडलेले. फुलाच्या पाकळ्यांना तीन चिरा गेल्या होत्या, जुन्या. हे पहिल्यांदाच होत नव्हतं, दुसरीला कळून चुकलं. ती आल्या पावली मागं फिरली.

नवऱ्याला सांगावं, तर तो बहिणीच्या शब्दाबाहेर नाही. वेड्यात काढेल. त्याला डोळ्यांनीच दिसू दे, असं तिनं ठरवलं.

आज सकाळी दारात कोणीतरी आलं म्हणून ताई बाहेर गेल्या. ओट्यावर लोण्याचे तीन गोळे तयार होते. दोन एका भांड्यात, एक वेगळ्या वाटीत, झाकलेला. दुसरीनं तिन्ही एकत्र मळले, सारखे वाटे केले आणि फुलाच्या साच्यातून तीन फुलं काढली. पाकळी एकही मोडली नाही.

टेबलाशी तिघं बसली. ताईंनी आपल्या बशीत पाहिलं.

"माझं पान कुठंय?"

"ते दोन्ही साचे कोरडे होते, ताई. फूलच तेवढं भिजलेलं. म्हणून सगळं लोणी एकत्र केलं आणि सगळ्यांना फूल काढलं."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बशी बोटानं दूर सारली. "मला नको. घसा धरलाय."

झालं, सापडली! दुसरीला रडू येईलसं वाटलं, इतकं सुटल्यासारखं झालं. आता नवऱ्याला थांबवायचं आणि सगळं सांगून टाकायचं. ती त्याच्याकडे वळली. "अहो, खाऊ नका," हे अगदी ओठावर होतं.

पण त्यानं सुरी आधीच खाली ठेवली होती. लोण्याला लागलेलं पातं त्यानं रुमालानं पुसलं, मग बोटंही पुसली, एकेक करून. बहिणीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"मलाही आज नुसताच पाव बरा," तो म्हणाला आणि आपली बशी बायकोकडे सरकवली. "तू खा. तुला आवडतं ना."

ताई उठल्या, दाराला आतून कडी घातली आणि पुन्हा येऊन बसल्या.