खंडेनवमीचं तेल

माझी सून शर्मिला त्रेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली. शिकली ते शिकली, डिसेंबरातल्या हौशी लोकांच्या शर्यतीत नावही घातलं. तिला शिकवणारे इंद्रजीत सर म्हणाले, खांद्यात ताकद नाही, ती पाण्याबाहेर कमवा. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तलावाच्या काठावरच्या खांबाला रबराचा पट्टा अडकवायचा, दोन टोकं दोन हातांत धरायची आणि खांबाकडे तोंड करून, ओणवं होऊन हवेतच हात मारायचे. कोरड्या फरशीवर पोहणारी आमच्या खडकीतली ही पहिलीच, असं मी शेजारणींना सांगत असे.

तरी खंडेनवमीला मी तो पट्टा पूजेत मांडला. यजमान फॅक्टरीत कामाला होते. पाने, हातोडी, विळी, शिवणयंत्र, सगळ्यांना तेलाचं बोट लावून हळदकुंकू वाहायची आमची रीत. ज्याच्यावर माणूस घाम गाळतं ते हत्यारच. पट्टा कोरडा वाटला म्हणून गोडेतेल चांगलं चोळलं, पुसून जागेवर ठेवला. तिला सांगितलं नाही. माझ्या घरात मी काय करते ते मी कुणाला सांगत नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी कुकरचं झाकण घासत होते. रिंग हाताला ढिली लागली. तेलाने रबर कुजतं, रिंगेला तेल लागू देऊ नकोस, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मीच शर्मिलाला ऐकवलं होतं. माझा हात तिथेच थांबला. ती पट्टा घेऊन नुकतीच गेली होती.

फोन लावला. वाजत राहिला. तिचा फोन तिथल्या कपाटात असतो. साबणाच्या हातांनीच रिक्षात बसले. डोळ्यांपुढे एकच, ताणलेलं रबर आणि त्याच्यासमोर तिचं तोंड. तुटलं तर सरळ डोळ्यात. देवाचं नाव घ्यायला लागले, तेही मधेच विसरले. रिक्षावाल्याने विचारलं, आजी, कुणी आजारी आहे का. मी त्याला समोर बघायला सांगितलं. तलावावर वॉचमनने पास मागितला. त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

काठावर सात-आठ बायका होत्या. शर्मिला ओणवी, हात पार मांड्यांपर्यंत ओढलेले, पट्टा तारेसारखा ताणलेला. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. दचकून तिने हिसका दिला तर? चपला काढल्या, ओल्या फरशीवरून गेले आणि पट्ट्याच्या दोन पदरांमधे, खांबाकडे पाठ करून तिच्या तोंडासमोर उभी राहिले.

"हात हळूहळू पुढे आण. सोडू नकोस."

"आई, काय झालं?"

"आधी हात."

पट्टा सैल पडला. सरांनी तो खांबावरून काढून बोटांत वाकवला. खांबाला टेकत होता तिथे भेगा पडल्या होत्या, आत सगळं चिकट. ते शर्मिलावरच चिडले. याला तेल लावतात का, आज डोळा गेला असता. ती म्हणाली, मी नाही लावलं. सर म्हणाले, मग काय आपोआप लागलं?

बायका बघत होत्या. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. बोलणी तिला बसली असती, आणि तिला ती माझ्या घरात सवयीची आहेत.

"मी लावलं," मी म्हटलं. "पूजेला. तिला बोलू नका."

कुणी हसलं नाही. शर्मिलाने माझा दंड धरला. सोड, मी काय पडते की काय, असं म्हटलं, पण दंड सोडवून घेतला नाही. मी नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.