मागचं चाक

इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून जिचा जन्म गेला, ती बाई साठीला टेकल्यावर आठ दिवस सायकल चालवत हिंडायला निघते म्हटल्यावर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मावशींना वेड्यात काढलं. उरलेल्या निम्म्यांनी, जायच्या आधी आमचे कपडे मिळतील ना, एवढंच विचारलं. मुलाने मात्र पैजच लावली.

हिवाळ्यात मावशींना न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद होतं, इस्त्रीचं दुकान बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये. मावशींना मुलाचं घर आवडायचं, पण पाहुणी म्हणून. शेवटी वाद घालून दोघंही दमली आणि असं ठरलं की पहिल्या दिवशीचा मुक्काम, नदीपलीकडचं पाहुणेघर, मावशींनी स्वतःच्या बळावर गाठला तर दुकानाचा विषय कायमचा बंद. वाटेतून फोन करून गाडी मागवली तर दुकानाला कुलूप. आई शब्दाची पक्की, आणि मुलगाही तिचाच.

सकाळ झकास होती. गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना कोबीचे वाफे लागले, मग मक्याची शेतं, मग कापणी होऊन गेलेल्या गव्हाची पिवळी धसकटं. एका गाईने कुंपणावरून मान काढून मावशींकडे अशा नजरेने पाहिलं की मावशींना शेजारीण आठवली. रस्ता सपाट होता. म्हणजे सायकल पळायला हवी होती.

पण ती पळेना. वारा आडवा आहे, असं मावशींनी आधी स्वतःला सांगितलं. मग कालव्याशी वारा पडला तरी तेच. सायकलला दुधाच्या किटल्या लावलेली एक बाई गुणगुणत पुढे निघून गेली. मागोमाग एक ढेरपोटे गृहस्थ गेले, एका हाताने केळं खात. मावशींच्या मात्र नाकी नऊ आले होते. मांड्यांत गोळे आले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि मागच्या बाजूने काहीतरी कुरकुरतंय असं वाटलं तेव्हा त्यांनी ते आपल्या गुडघ्यांच्या खाती टाकलं.

दुपारी एका चढावर, चढ कसला, रस्त्याने जरा पाठ ताणली होती इतकंच, तिथे त्या उतरल्या. तिथे त्यांना रडू आलं. दमणुकीचं नव्हतं ते. मुलाचं खरं होतं, हे कळल्याचं होतं. आजारपण गेलं, पण जाताना त्यांचं सगळं बळ घेऊन गेलं होतं, आणि त्या एवढे दिवस उगाच तोऱ्यात होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि फोन लावला.

"ये बाबा न्यायला. कालव्यापुढच्या चढावर आहे."

"बरी आहेस ना?" मुलाचा आवाज घाबरला, आणि लगेच सैलही झाला. "तिथेच थांब. निघालोच."

तेवढ्यात रिकामी ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. चालवणारी बाई मावशींच्या सुनेच्या वयाची होती. मुलगा न्यायला येतोय, असं मावशींनी तिला सांगितलं. "इथे आत मुलाला रस्ता सापडायचा नाही, मावशी. चला, मोठ्या रस्त्यापर्यंत सोडते," ती म्हणाली आणि तिने ट्रॉलीला फळी लावली. मावशींनी पुढून हँडल धरलं, तिने मागून रेटा दिला. पुढचं चाक फळीवर चढलं. मागचं मात्र फिरायच्या ऐवजी फरफटत आलं.

"केवढी जड हो ही. दगड भरलेत का पिशव्यांत?"

मावशींनी सायकल खाली घेतली. तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि, इस्त्रीला लावावं तसं, ते मागच्या चाकाच्या कडेला टेकवलं. कड चांगलीच तापली होती. त्यांनी चाक उचलून हाताने फिरवलं. ते अर्धा फेराही न घेता थांबलं. ब्रेकचं नवंकोरं रबर चाकाला घट्ट चिकटून बसलं होतं.

नवीन रबरं मुलाने काल रात्री बसवली होती. आई उतारावर पडू नये म्हणून तार जीव खाऊन ओढली होती. आणि मावशी काखेत कळसा घेऊन सकाळपासून स्वतःच्या हाडांत दोष शोधत होत्या. त्या इतक्या हसल्या की ट्रॅक्टरवालीने काळजीने त्यांना पाणी दिलं.

त्यांनी तार सैल केली, चाक गरगरलं, आणि त्या निघाल्या. मुलाला फोन करावा असं मनात आलं, पण हे सांगण्यासारखं नव्हतं, दाखवण्यासारखं होतं. आता मक्याची शेतं भराभर मागे पडू लागली. कितीतरी महिन्यांनी मावशींना आपलं शरीर आपलं वाटलं.

मोठ्या रस्त्यावर मुलाची गाडी समोरून आली आणि करकचून थांबली. तो उतरला तो बावचळलेलाच.

"अगं, तू तर फोन केलास."

"केला. शब्द म्हणजे शब्द. तू म्हणशील तर दुकानाला कुलूप लावते," मावशी म्हणाल्या. "त्याआधी माझं एक काम कर." त्यांनी ब्रेकची तार पुन्हा होती तशी ओढून बसवली. "त्या झाडापर्यंत जाऊन ये."

मुलगा गेला. जाताना अंगात रग होती. येताना उभा राहून पॅडल मारत होता, चेहरा लालबुंद. सायकल मावशींच्या हातात देऊन तो रस्त्याच्या कडेला गवतातच बसला.

"तू सकाळपासून हे ओढतेयस?"

"सकाळपासून."

त्याने गवताची एक काडी उपटली. मग खाली बघूनच म्हणाला, "रोज सकाळी तुझा फोन येईपर्यंत मला घास जात नाही, आई. भीती वाटते गं."

मावशी त्याच्याजवळ बसल्या. "मलाही वाटत होती. आज दुपारी तर फारच वाटली."

मुलगा उठला. त्याने तार स्वतः सोडवली, चाक फिरवून पाहिलं आणि ते आपसूक थांबेपर्यंत बघत राहिला.

"तू गाडी मागवलीस, गाडी आली," तो म्हणाला. "तुला नको असेल तर मी परत जातो." मग त्याने हात पुढे केला. "दुकानाची किल्ली दे, कुलूप लावायला नाही. कुणाचे कपडे पोचवायचे राहिलेत का?"

"डॉक्टरांचे कोट राहिलेत," मावशी सायकलवर बसत म्हणाल्या. "नीट ने. घडी मोडू नकोस."